तालुक्याबाहेर न जाता चंद्र गाठणारी बस

विरार स्टेशन ते अर्नाळा, अर्नाळा ते विरार स्टेशन. दिवसभर तेच. अशा एखाद्या बसने रोज २०० किलोमीटर कापले आणि वर्षातले ३०० दिवस ती रस्त्यावर राहिली, तर वर्षाला ६० हजार किलोमीटर झाले. आता चंद्राचं अंतर आठवा: सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर. म्हणजे साडेसहा वर्षांच्या आत ही बस चंद्रावर पोचलेली असते, तेही वसई तालुक्याची वेस न ओलांडता! बारा वर्षं टिकली तर परतीची बहुतेक वाटही चालून होते.

एवढं चाललेल्या गाडीला निरोप कधी द्यायचा? उत्तर सोपं वाटतं: जुनी झाली की बदला. पण जुनी म्हणजे नेमकं काय?

कॅलेंडरचं वय कायदा बघतो. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी, महापालिकांच्या आणि एसटीसारख्या महामंडळांच्या गाड्यांची नोंदणी १५ वर्षांनंतर पुढे चालू राहत नाही. गाडी भंगारात जाते. मुंबईत १५ सप्टेंबर २०२३ ला बेस्टच्या डिझेलवरच्या डबलडेकरने शेवटची फेरी मारली, तीही १५ वर्षांची मुदत भरली म्हणूनच. पण ही झाली बाहेरची सीमा. गाडीच्या आत आणखी कितीतरी घड्याळं चालू असतात. महामार्गावरचा एक किलोमीटर आणि नालासोपारा स्टेशनबाहेरच्या गर्दीतला एक किलोमीटर मीटरवर सारखाच दिसतो. ब्रेकला, क्लचला, दरवाज्याला विचारा! गर्दीत बस उभी असते तेव्हा तर किलोमीटर वाढतच नाहीत. इंजिन मात्र फिरत असतं, म्हातारं होत असतं.

त्यात वसईची हवा. एका बाजूला समुद्र, एका बाजूला खाडी, मधे मिठागरं. खारट ओलाव्यात लोखंड गंजतं हे आपण जाणतोच, पण पुढची गंमत बघा. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात लोखंडी बोल्ट बसवलेला असेल आणि त्या सांध्यात खारं पाणी शिरलं, तर तिथे चक्क एक चिमुकली बॅटरी तयार होते. तिचा प्रवाह ॲल्युमिनियमला हळूहळू खात जातो. कुणी बटण दाबलेलं नाही, तार जोडलेली नाही, आणि बसच्या अंगात शेकडो सांध्यांवर वीज वाहतेय!

आणि पावसाळा? जुलै २०१८ मध्ये वसई-विरार कित्येक दिवस पाण्यात होतं. अशा पाण्यातून बस जाते तेव्हा मागच्या ॲक्सलमध्ये एक विलक्षण गोष्ट घडते. चालून चालून तापलेलं ते लोखंडी घर एकदम गार पाण्यात बुडतं. आतली हवा आकसते, आत पोकळी तयार होते आणि सीलच्या फटीतून ॲक्सल बाहेरचं पाणी स्वतःच आत ओढून घेतो. पुढे मेकॅनिक ऑइल काढतो तेव्हा ते दुधासारखं पांढरट निघतं. ते तसंच राहिलं, तर वर्षानुवर्षं टिकणारी दातेरी चाकं आणि बेअरिंग कितीतरी लवकर झिजतात. एका दुपारच्या पाण्याने बसचं वय असं वाढतं, आणि कॅलेंडरला त्याचा पत्ताही नसतो.

मग बदलीची वेळ ठरते कशी? दोन रेघा डोळ्यांसमोर आणा. पहिली रेघ खरेदीच्या किमतीची: बस जितकी जास्त वर्षं चालेल, तितका दरवर्षीच्या वाट्याला येणारा तिचा खर्च कमी. ही रेघ उतरत जाते. दुसरी रेघ दुरुस्तीची: ती चढत जाते. दोन्हींची बेरीज केली की एक वाटीसारखा आकार मिळतो. वाटीचा तळ म्हणजे बस बदलण्याची सर्वांत स्वस्त वेळ. मला यातलं सर्वांत सुंदर वाटतं ते हे, की बहुतेक वेळा त्या वाटीचा तळ टोकदार नसतो, चांगला पसरट असतो. वर्ष-दोन वर्षं अलीकडे किंवा पलीकडे सरकलात तरी फारसं बिघडत नाही. हा सपाट तळ लक्षात ठेवा. सगळी जादू त्यातच आहे.

कारण खरं कोडं एका बसचं नसतं, ताफ्याचं असतं. वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ रोजी स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर होती, आणि २०१२ मध्ये महापालिकेची स्वतःची परिवहन सेवा सुरू झाली. कुठलीही सेवा नव्याने सुरू होते तेव्हा बस एकगठ्ठाच येतात, दुसरा इलाजच नसतो. समजा १२० बस एकाच वर्षी आल्या आणि प्रत्येकीचं सोयीचं आयुष्य १२ वर्षं आहे. सुरुवातीला चैन असते: सगळं नवंकोरं, वर्कशॉप रिकामं. मग सगळ्यांचे क्लच एकदमच जातात, सगळ्यांची इंजिनं एकदमच उघडावी लागतात आणि बाराव्या वर्षी १२० बसचं बिल एकदमच समोर येतं. पैसे उभे करून पुन्हा १२० घेतल्या, तर चोविसाव्या वर्षी तीच लाट परत!

वसईच्या वाडीत राजेळी केळी लावणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. एका केळीचा लोंगर उतरला की ती केळ तोडायची, तोवर बुंध्याशी मुनवा, म्हणजे नवा कोंब, डोकं वर काढत असतो, शेजारची केळ अर्ध्या उंचीची असते आणि पलीकडची नुकती लावलेली. वाडीत सगळ्या वयांची केळ असते, म्हणून वाडी रिकामी होत नाही. ताफाही असाच हवा: १२० बस, १२ वर्षं, दरवर्षी १० जातील आणि १० येतील.

पण लाट आधीच उठलेली असेल तर? इथे तो सपाट तळ कामाला येतो. काही बस नवव्या वर्षीच काढायच्या, काही १५ व्या वर्षापर्यंत चालवायच्या. एका वर्षातली १२० ची उडी सात वर्षांत पसरते, दरवर्षी सतरा-अठरा बस. प्रत्येक बसमागे थोडंसंच नुकसान आणि लाट मोडलेली! आधी कुठली काढायची हे तिचा नंबर सांगत नाही, तिचा इतिहास सांगतो. एकाच दिवशी आलेल्या दोन भावंडांपैकी एक किनाऱ्याच्या रस्त्यावर झिजलेली असते, दुसरी आतल्या गावांकडे अजून ठणठणीत असते.

बदली लांबवत बसलं, तर आणखी एक हिशेब उलटतो. सकाळी १०० बस रस्त्यावर हव्यात. नव्या ताफ्यातल्या १०० पैकी ९५ बस रोज तयार असतील, तर १०६ बस पुरतात. जुन्या ताफ्यातल्या ८०च तयार असतील, तर रस्त्यावरच्या त्याच १०० बससाठी १२५ लागतात. एकोणीस जादा बस, त्यांना उभं राहायला जागा आणि एकही जादा प्रवासी नाही.

बस बदलणं म्हणजे नवीच घेणं, असंही नाही. एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत जुन्या चासीवरून ॲल्युमिनियमची बॉडी उतरवून पोलादी बॉडी चढवली गेली आहे. झिजलेल्या टायरवर नवा थर बसवून तो पुन्हा रस्त्यावर येतो. त्याला एसटीत पुनःस्तरण म्हणतात. मग ती बस जुनी की नवी? टायर एका वयाचे, बॉडी दुसऱ्या, इंजिन तिसऱ्या.

इलेक्ट्रिक बसने या घड्याळांची जुळणीच बदलून टाकली आहे. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी पुणे-नगर रस्त्यावर धावली आणि १ जून २०२२ ला त्याच रस्त्यावर शिवाई ही इलेक्ट्रिक बस. या बसला क्लच नाही, इंजिन ऑइल नाही. ब्रेक दाबला की मोटर उलटी जनरेटर बनते आणि वेग विजेच्या रूपात बॅटरीत परत जातो. ज्या स्टेशन रोडने ब्रेकचा जीव घेतला, तोच रस्ता आता वीज परत देतो! मात्र बॅटरी बॉडीच्या आधी थकते. एका चार्जिंगमधलं अंतर वर्षागणिक आक्रसतं, म्हणून नवी बस ठाण्याच्या लांब फेरीला द्यायची आणि तीच पुढे स्टेशनजवळच्या छोट्या फेऱ्यांवर आणायची, हे वेळापत्रक खरेदीच्या दिवशीच आखावं लागतं.

शिवाय बससोबत दुसरं एक यंत्र विकत घ्यावं लागतं, जे कधीच रस्त्यावर येत नाही. किलोमीटरला साधारण एक युनिट धरलं, तर २०० किलोमीटर धावणाऱ्या ४० बसना रात्रीत ८ हजार युनिट लागतात. सहा तासांत ते भरायचे, तर सलग १,३०० किलोवॉटहून जास्त वीज हवी. ट्रान्सफॉर्मर, केबल, चार्जर यांना जागा, मंजुरी आणि वेळ लागतो, आणि वसईच्या पावसात हे सगळं पाण्याच्या पातळीच्या वर उभं करावं लागतं. म्हणूनच बसची ऑर्डर निघण्याच्या आधी डेपोचा अर्ज महावितरणकडे गेलेला असावा लागतो.