हुशार मुलांना इंजिनीअर कोण म्हणणार?

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो : किती पडले? पर्सेंटाइल चांगला आला तर मिठाई वाटली जाते, फीची जुळवाजुळव होते, प्रवेश होतो आणि आपली जबाबदारी पार पडली असे अम्मी-अब्बांना वाटते. मग तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरला तोच हुशार मुलगा किंवा मुलगी म्हणू लागते, "हे माझ्यासाठी नाहीच." केटी एक-दोनच लागलेल्या असतात, पण मन मात्र पार उतरलेले असते. बुद्धी तर तीच आहे, मग असे का व्हावे?

अमेरिकेतील काही विद्यापीठांत नेमक्या याच प्रश्नावर काम चालते. पर्ड्यू विद्यापीठात 2004 साली इंजिनीअरिंगच्या शिक्षणाचाच अभ्यास करणारा विभाग सुरू झाला. विद्यार्थी या क्षेत्रात का येतात, का टिकतात, स्वतःला इंजिनीअर कधी मानू लागतात, हे तेथील संशोधकांचे विषय आहेत. अ‍ॅलिसन गॉडविन यांनी क्लेमसन आणि पुढे पर्ड्यू विद्यापीठात असताना जेफ पॉटविन, झाहरा हजारी आणि इतर सहकाऱ्यांबरोबर या विषयावर मोठे काम केले.

त्यांच्या मते 'ओळख' म्हणजे 'मी कोण आहे' या प्रश्नाला माणूस मनातल्या मनात देतो ते उत्तर. या उत्तरात तीन गोष्टी असतात. मला हे जमते, मला हे आवडते, आणि इतर लोक मला तसे मानतात. 2011 साली अमेरिकेतील 50 कॉलेजांतल्या 6,772 विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेण्यात आली. ती इंग्रजीच्या वर्गांत वाटली होती, त्यामुळे इंजिनीअरिंगकडे जाणारे आणि न जाणारे असे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी त्यात आले. त्यावरचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. त्याचा एक निष्कर्ष प्रत्येक पालकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. 'मला गणित, विज्ञान जमते' एवढ्या विश्वासाने ओळख तयार होत नाही. त्या विश्वासाला आवडीची आणि इतरांच्या मान्यतेची जोड मिळाली, तरच ती घडते. शिक्षक, आईवडील, सोबती यांच्यापैकी कुणीतरी त्याला तसे मानावे लागते.

आपल्या मुलांच्या बाबतीत हा धागा फार नाजूक आहे. देशातील नामांकित कॉलेजांत पदवीच्या दर 25 विद्यार्थ्यांमागे एकच मुस्लिम असल्याचे सच्चर समितीने 2006 साली नोंदवले होते. अशा वर्गात आपल्यासारखे कुणी दिसत नाही, खानदानात कुणी इंजिनीअर झालेले नसते आणि सल्ला कुणाला विचारावा तेही कळत नाही. तेव्हा मान्यतेची कमतरता घरानेच भरून काढायची असते.

पण घर ती कशी देणार? अम्मी-अब्बांना एम-थ्रीची गणिते येत नाहीत. इथे कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्समधील जेसिका स्मिथ आणि हुआन लुसेना यांचा अभ्यास उपयोगी पडतो. कमी उत्पन्नाच्या घरांतून आलेली, घरात पहिल्यांदाच कॉलेजात जाणारी मुले रिकाम्या हाताने येत नाहीत, असे त्यांनी दाखवले. दुरुस्ती, जुगाड आणि कष्टाच्या कामातून आलेले ज्ञान ती सोबत आणतात. कॉलेजात मात्र ते कुणी मोजत नाही, आणि मुलेही ते लपवतात. मालेगाव-भिवंडीत यंत्रमागाचा आवाज ऐकत वाढलेला मुलगा, अब्बांच्या गॅरेजमध्ये इंजिन उघडून बसणारी पोरे, घरी शिलाई करताना कापडाचा मेळ बसवणारी मुलगी, यांच्याकडे असलेले हुनर इंजिनीअरिंगच्या बाहेरचे नाही. जॉबरचे काम करणाऱ्या अब्बांनी मुलाला बोलावून "हा माग का अडकतोय, तू बघून सांग" असे विचारले, तर त्याच्या हाती सर्टिफिकेटपेक्षा मोठी गोष्ट लागते.

मुलींसाठी आणखी एक मुद्दा आहे. हजारी आणि सहकाऱ्यांनी 2010 साली भौतिकशास्त्राबद्दल प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक अनपेक्षित गोष्ट दिसली. महिला शास्त्रज्ञांना पाहुण्या म्हणून वर्गात बोलावल्याने मुलींच्या ओळखीत ठळक फरक दिसला नाही. या विषयात मुली कमी का आहेत, यावर वर्गात उघडपणे चर्चा झाली होती, तिथे मात्र फरक दिसला. अडचण बोलून दाखवली की 'दोष माझ्यात आहे' हा समज गळून पडत असावा. म्हणून वर्कशॉपमध्ये एकटी पडणाऱ्या, हिजाबवरून टोमणे ऐकणाऱ्या मुलीला "दुर्लक्ष कर" एवढेच सांगून भागणार नाही. तिच्याशी बसून बोलावे लागेल.

प्रेरणेचा संबंध उद्याच्या चित्राशीही असतो. नेवाडा विद्यापीठातील अ‍ॅडम कर्न आणि क्लेमसनच्या लिसा बेन्सन यांनी विद्यार्थ्यांना त्यांच्या भविष्याविषयी विचारले. पुढे काय करायचे हे ज्यांना स्पष्ट दिसत होते, ते आजच्या अभ्यासाचा उद्याशी संबंध जोडू शकत होते. केवळ 'चांगली नोकरी' एवढेच चित्र असेल, तर आजचे अवघड गणित कशासाठी सोडवायचे हे उमगत नाही. म्हणून ओळखीतल्या एखाद्या साइट इंजिनीअरबरोबर किंवा कारखान्यातल्या सुपरवायझरबरोबर मुलांना एक दिवस घालवू द्या.

मान्यता म्हणजे खोटी वाहवा नव्हे. मुले ती लगेच ओळखतात. केलेले काम नीट पाहणे, त्याविषयी प्रश्न विचारणे, त्याच्या शब्दाला घरात वजन देणे, ही खरी मान्यता. तसेच आवड खरोखरच नसेल, तर मार्कांच्या जोरावर मुलाला त्या वाटेवर ढकलू नये. जमणे आणि आवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अल्लाहने प्रत्येकाला वेगळी सलाहियत दिली आहे.

या सुट्टीत मुले होस्टेलवरून घरी येतील, तेव्हा निकालाची चौकशी थोडी मागे ठेवा. "या सेमिस्टरला काय बनवलंस, आम्हाला दाखव" असे आधी विचारा. त्यातले सगळे कळले नाही तरी चालेल, पण शेवटपर्यंत ऐकून घ्या.