मृगाचा पाऊस आणि फुलपाखराचे पंख

दोस्तांनो, जूनचा पहिला आठवडा डोळ्यांपुढे आणा. गाव बीड जिल्ह्यातलं कुठलंही घ्या. केजकडचं, पाटोद्याकडचं, नाहीतर शिरूर कासारचं. रान नांगरून, कुळवून तयार आहे. घराच्या कोपऱ्यात सोयाबीनच्या आणि सरकीच्या पिशव्या रचून ठेवल्यात. त्यातल्या निम्म्या उधारीवर आणलेल्या. मृग लागतो आणि एका संध्याकाळी दणदणीत सर येते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा शेतात जातात, मूठभर माती उचलतात, दाबून बघतात. वाफसा आलाय. आता पेरायचं की थांबायचं?

पेरलं आणि पाऊस टिकला तर उत्तमच. पण पेरलं आणि पावसानं तीन आठवडे ओढ दिली तर? कोंब करपतात, बियाणं मातीत जातं, दुबार पेरणीसाठी पुन्हा उधारी. बरं, थांबावं तर हंगाम हातचा जातो. आणि खरीप गेला की दिवाळीच्या सुमाराला कितीतरी घरांना कुलूप लागतं, माणसं ऊसतोडीला निघतात. वर्गातली दोन-चार बाकं रिकामी होतात. तुमच्यापैकी अनेकांना हे मी सांगायला नको.

मग मनात एक साधा प्रश्न येतो. चंद्रग्रहण कधी लागणार, कधी सुटणार, हे शास्त्रज्ञ कितीतरी वर्षं आधी मिनिटाच्या हिशेबानं सांगतात. मग आपल्या शिवारात पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला पाऊस पडेल का, एवढं का नाही सांगत?

प्रश्न वाटतो सोपा, पण याच प्रश्नापायी जगभरची हुशार माणसं आयुष्य वेचतात. चला, आज त्यांच्या दुनियेत जरा डोकावू या.

नळ, उदबत्ती आणि खजाना विहीर

आधी घरातला नळ अगदी थोडा सोडा. पाण्याची धार काचेच्या कांडीसारखी दिसते, गुळगुळीत, शांत. आता नळ मोठा करा. धार खडबडीत झाली, पाणी उसळायला लागलं. उदबत्तीचा धूर बघा. खाली सरळ रेघ, आणि थोडं वर गेल्यावर वेलांट्याच वेलांट्या! असं का होतं?

मँचेस्टरमधल्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स या प्राध्यापकानं १८८३ साली हेच नीट तपासलं. काचेच्या नळीतून वाहणाऱ्या पाण्यात त्यानं रंगाची बारीक धार सोडली. पाणी सावकाश वाहत असताना रंगाची रेघ सरळ राहिली. वेग एका मर्यादेपलीकडे गेला आणि रेघ विस्कटून सगळीकडे पसरली. शांत प्रवाह आणि खवळलेला प्रवाह अशी ही दोन रूपं. वाहणाऱ्या सगळ्या गोष्टींच्या या शास्त्राला म्हणतात फ्लुइड मेकॅनिक्स, म्हणजे प्रवाहांचं शास्त्र. पाणी, हवा, तेल, धमन्यांतलं रक्त, कारखान्यातली उसाची मळी, सगळं त्यात आलं.

आपल्या बीडकरांना तर याचा जुना नमुना घराजवळच आहे. बीडची खजाना विहीर पाहिलीत ना? निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात बांधलेली. भुयारातून पाणी विहिरीत येतं आणि भुयारातूनच पुढे शेतांकडे जातं. ना मोटार, ना पंप. केवळ उताराचा अचूक हिशेब!

एकोणिसाव्या शतकात नेव्हिए आणि स्टोक्स या दोघांनी प्रवाहाची समीकरणं मांडली. आज विमानाचा पंख असो की धरणाचा सांडवा, सगळ्यांचा हिशेब त्यांवरच चालतो. आणि गंमत ऐका. या समीकरणांना प्रत्येक वेळी नीटस उत्तर असतंच का, हे अजून कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. जो करेल त्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस अमेरिकेतल्या क्ले इन्स्टिट्यूटनं २००० साली जाहीर केलं. ते अजून तसंच पडून आहे. बघा, जमतंय का!

हवासुद्धा वाहतेच

हवा म्हणजे एक अफाट नदीच. पावसाळ्यात समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. महाबळेश्वराला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस. तेच वारे डोंगर उतरून पठारावर येतात तेव्हा कोरडे झालेले असतात. आपला बीड जिल्हा या पर्जन्यछायेत येतो. वर्षाची सरासरी सातशे मिलीमीटरच्याही आत. तीही एकसारखी नाही. कधी एका रात्रीत बिंदुसरेला पूर, कधी महिनाभर आभाळ कोरडं.

मग हवेची समीकरणं संगणकात घालून पुढचं सगळं काढता येणार नाही का? एका माणसाला असंच वाटलं होतं.

०.५०६ ची गोष्ट

१९६१ साल. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत एडवर्ड लॉरेन्झ नावाचे हवामानशास्त्रज्ञ संगणकावर एक छोटंसं, कल्पनेतलं हवामान चालवत होते. एक गणित त्यांना पुन्हा तपासायचं होतं. पहिल्यापासून सुरुवात करण्याऐवजी त्यांनी मधलाच एक आकडा छापील कागदावरून बघून टाकला : ०.५०६. आणि ते कॉफी प्यायला गेले.

परत येऊन बघतात तो काय! नवं हवामान सुरुवातीला जुन्यासारखंच चाललं होतं, पण हळूहळू फरक वाढत जाऊन पुढे दोघांचा काही संबंधच उरला नव्हता. यंत्र बिघडलं की काय? नाही. संगणकाच्या आत आकडा होता ०.५०६१२७. कागदावर तीनच स्थळं छापली होती. एवढ्याशा फरकानं सगळं हवामान बदललं होतं!

लॉरेन्झ यांनी १९६३ साली यावर निबंध प्रसिद्ध केला. गणितज्ञांचं त्याकडे पुढे कितीतरी वर्षं फारसं लक्षच गेलं नाही. मग २९ डिसेंबर १९७२ रोजी वॉशिंग्टनच्या एका विज्ञान परिषदेत त्यांचं व्याख्यान ठरलं. त्यांनी वेळेत शीर्षक कळवलं नाही, म्हणून फिलिप मेरिलीझ या सहकाऱ्यानं ते देऊन टाकलं. अर्थ असा : ब्राझीलमध्ये फुलपाखरानं पंख फडफडवले तर टेक्सासमध्ये वादळ उठेल का? झालं! ते फुलपाखरू जगभर उडालं. कारण लहान आणि परिणाम प्रचंड, अशा गोष्टींचं जे शास्त्र उभं राहिलं त्याला नॉनलिनियर डायनॅमिक्स म्हणतात, आणि या स्वभावाला केऑस.

म्हणूनच ग्रहण सांगता येतं, पण महिन्यानंतरच्या दहा तारखेचा पाऊस सांगता येत नाही. रोजच्या हवामानाचा अंदाज साधारण दोन आठवड्यांपलीकडे टिकत नाही. कारण सुरुवातीची हवा आपण कधीच शंभर टक्के अचूक मोजू शकत नाही.

करून पाहा

पटत नाही? कॅल्क्युलेटर घ्या. ०.३ हा आकडा घ्या. नियम असा : आकडा × (१ वजा तोच आकडा) × ४. जे उत्तर येईल त्याला पुन्हा तोच नियम लावा. ०.८४, ०.५३७६, ०.९९४... असं दहा वेळा. शेवटी येईल ०.०४३. आता ०.३०१ पासून सुरू करा. तिसऱ्या पायरीला येईल ०.९९६, म्हणजे जवळजवळ तेच. पण दहाव्या पायरीला? ०.६२०! फरक होता फक्त एक हजारांशाचा. (मधले आकडे तोडू नका हं, नाहीतर तुमचाही लॉरेन्झ होईल.)

उलटा प्रकारही असतो बरं का. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं लावून मोठीतून लहान वजा करा, हेच पुन्हा पुन्हा करा. १९९५ घेतली तर ९९५१ – १५९९ = ८३५२; मग ८५३२ – २३५८ = ६१७४. कुठलीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येणारच. हे शोधलं देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर यांनी. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ते मांडलं. एक शाळामास्तर परिषदेत उभा राहिला, आणि आज जगभर ६१७४ ला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात!

परिषद म्हणजे नेमकं काय?

परिषद म्हटलं की हार-तुरे आणि लांबलचक भाषणं आठवतात. विज्ञान परिषद तशी नसते. एकेकाला पंधरा-वीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात आपण काय शोधलं ते आकृत्या दाखवून सांगायचं. मग प्रश्न. पहिल्यांदा बोलणाऱ्या विद्यार्थ्याच्या पोटात गोळा येतो तो इथेच! कारण प्रश्न विचारणारा त्या विषयातला मोठा तज्ज्ञ असू शकतो, आणि ‘मला माहीत नाही, तपासून सांगतो’ असं म्हणण्यात इथे कमीपणा नसतो. बाहेर व्हरांड्यात पोस्टर लावलेले असतात. प्रत्येकाशेजारी एकेक विद्यार्थी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावत असतो. आणि चहाच्या टेबलाभोवती तर खरी मजा. रक्तप्रवाहावर काम करणारा ढगांवर काम करणारीला म्हणतो, ‘अहो, तुमचं समीकरण आमच्यासारखंच दिसतंय की!’

सुलोचनाबाईंनी ढगांत काय पाहिलं?

आता एका मराठी बाईंची गोष्ट. सुलोचना गाडगीळ. जन्म पुण्यात, १९४४ साली. फर्ग्युसन कॉलेज आणि पुणे विद्यापीठात शिकल्या, हार्वर्डला जाऊन समुद्राच्या प्रवाहांवर पीएच.डी. केली. अमेरिकेत राहता आलं असतं. पण १९७१ साली त्या परतल्या आणि पुण्यातल्या उष्णदेशीय हवामान संस्थेत मान्सूनवर काम करू लागल्या. १९७३ पासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत.

शाळेत आपण शिकतो की उन्हाळ्यात जमीन तापते, म्हणून समुद्रावरून वारे येतात आणि पाऊस पडतो. सुलोचनाबाईंनी विचारलं : पावसाचा खंड पडतो तेव्हा तर जमीन आणखी तापते. मग तेव्हा पाऊस वाढायला नको का? आहे की नाही प्रश्न बिनतोड! डी. आर. सिक्का यांच्याबरोबर त्यांनी उपग्रहांची रोजची चित्रं तपासली. १९८० साली दोघांनी दाखवून दिलं की विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर ढगांचा एक लांबलचक पट्टा तयार होतो आणि काही आठवड्यांच्या अंतरानं सरकत सरकत उत्तरेला, आपल्या जमिनीवर येतो. पट्टा जोरात असला की पाऊस. तो विरला की खंड. पुढचा पट्टा आला की पुन्हा सरी.

बाबांना ज्याची धास्ती वाटते ती ‘ओढ’ म्हणजे हीच. पुढे त्या आंध्र-कर्नाटकातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांबरोबर बसल्या आणि भुईमूग कधी पेरलेला बरा याचा जुन्या पावसाच्या नोंदींवरून हिशेब मांडला. पाऊस आपल्या हातात नाही, पण पेरणीची तारीख आहे.

केऑस असला तरी सगळंच हातातून गेलेलं नाही. समुद्राचं तापमान सावकाश बदलतं, म्हणून अख्ख्या हंगामाचा ढोबळ अंदाज देता येतो. आणि दोन आठवड्यांच्या आतला अंदाज सुधारतोच आहे. पुण्याच्याच संस्थेत तयार झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ २०२५ साली सुरू झाली. ती सहा किलोमीटरच्या चौकटीत हवामानाचा हिशेब मांडते. आधीची चौकट होती बारा किलोमीटरची. म्हणजे अंदाज तालुक्याच्या नावावरून हळूहळू गावाच्या नावापर्यंत यायला लागला.

मला जायचंय, वाट कुठली?

अकरावीला विज्ञान घ्या, गणित सोडू नका. बारावीनंतर आयसरमध्ये प्रवेश परीक्षा देऊन जाता येतं. पुण्यात आयसर २००६ पासून आहे. नाहीतर आपल्या गावाजवळच्या कॉलेजातून भौतिकशास्त्र किंवा गणितात बी.एस्सी. करा आणि एम.एस्सी.साठी ‘जॅम’ परीक्षा द्या. इंजिनिअर झालात तर ‘गेट’ आहे. नंतर पीएच.डी., साधारण पाच वर्षं. खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासूनचं. तिथे धरणांची आणि बंदरांची छोटी मॉडेल्स बांधून त्यांत खरं पाणी सोडून बघतात.

पालकांनो, तुमच्या मनातला प्रश्न ठाऊक आहे : इतकी वर्षं शिकायचं, खर्च कुणी करायचा? संशोधन करणाऱ्याला पाठ्यवृत्ती मिळते. ‘नेट’ किंवा तत्सम परीक्षेतून निवड झालेल्या कनिष्ठ संशोधकाला २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये मिळतात. मात्र नोकरी लगेच लागेल असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. जागा थोड्या आहेत आणि धीर लागतो. ते समजून उमजूनच या वाटेला जावं.

आणि गरिबीची, मराठी शाळेची लाज? मुळीच नको. गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर मुंबईत रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करत. मॅट्रिकनंतर शिक्षण थांबणार अशी वेळ आली, तेव्हा महिना साठ रुपयांच्या शिष्यवृत्तीनं ते तगले. पुढे त्यांनी पॉलिमरसारख्या चिकट प्रवाहांवरच संशोधन केलं आणि १९९८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

तर दोस्तांनो, आजपासून एक काम करा. सरळ उभ्या कडांचा, सपाट तळाचा एक डबा उघड्यावर ठेवा. रोज सकाळी आठ-साडेआठला त्यातलं पाणी पट्टीनं मोजा, वहीत तारीख आणि मिलीमीटर लिहा, आणि डबा रिकामा करा. कोरड्या दिवशी शून्य लिहायला विसरू नका. ओढ किती दिवसांची होती ते त्या शून्यांवरूनच कळतं. पुढच्या मृगाला बाबा मूठभर माती दाबून बघतील तेव्हा ती वही त्यांच्यापुढे धरा.