मक्याच्या सापाच्या पिल्लाचें घर

साप म्हटला कीं आपल्या घरांत दोनच गोष्टी आठवतात : एक काठी आणि दुसरी नागपंचमीची दुधाची वाटी. काठीनें साप मरतो हें उघडच आहे. पण दुधानेंही त्याचें भलें होत नाहीं, कारण दूध हें सापाचें अन्नच नव्हे. भीति आणि भक्ति यांच्यामधून जाणारी एक तिसरी वाट आहे. ती म्हणजे त्या प्राण्याला काय हवें, हें समजून घेण्याची. अमेरिकेंत ज्या घरांतून मुलें कॉर्न स्नेक, म्हणजे मक्याचा साप, पाळतात, त्या घरांना ही वाट शिकावीच लागते. न शिकल्यास पिल्लू जगत नाहीं.

हा साप अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आग्नेय भागाचा, फ्लॉरिडा व कॅरोलिना या बाजूचा, मूळ रहिवासी आहे. लिनियस या शास्त्रज्ञानें १७६६ सालीं त्याला शास्त्रीय नांव दिलें. तो बिनविषारी असून उंदरांना विळखा घालून मारतो. अंगाचा रंग नारिंगी, त्यावर काळ्या कडांचे तांबडे ठिपके आणि पोटावर काळ्यापांढऱ्या चौकटी असतात. या चौकटी रंगीत मक्याच्या दाण्यांसारख्या दिसतात म्हणून हें नांव पडलें, असें कांहीं म्हणतात. मक्याच्या कोठारांत उंदरांमागें येणारा म्हणून तें पडलें, असें दुसरे सांगतात.

अंड्यांतून बाहेर येणारें पिल्लू आठ ते बारा इंच लांब आणि पेन्सिलीहून बारीक असतें. त्याला आईचा आधार मुळींच नसतो. पक्षी, मोठे साप, रानांतील इतर प्राणी, सारेच त्याचे वैरी. म्हणून उघड्यावर राहणें म्हणजे मरण आणि फटींत शिरणें म्हणजे जीवन, एवढें एकच ज्ञान तें जन्मतः घेऊन येतें. त्याच्या घराची सर्व मांडणी या एका गोष्टीवरून ठरते.

हौशी आईबाप येथेंच चुकतात. ते मोठी, लख्ख कांचेची पेटी आणतात, पाहुण्यांना दिसावी म्हणून खिडकीपाशीं ठेवतात आणि मुलगा दिवसांतून दहा वेळां पिल्लू हातावर घेतो. उन्हांत कांचेची पेटी भट्टीसारखी तापते. भेदरलेलें पिल्लू अन्नाला तोंड लावीत नाहीं. या सगळ्यांत ममता असते. परंतु ती ममता माणसाच्या आवडीची, सापाच्या गरजेची नव्हे.

आरंभीं दीड ते दोन फूट लांबीची पेटी पुरे होते. मोठी घेतलीच, तर ती पानें, फांद्या व आडोसे यांनीं भरून टाकावी. झांकण घट्ट बसणारें व अडकवितां येणारें हवें. कारण ज्या फटींतून पिल्लाचें डोकें जातें, तिच्यांतून त्याचें सारें अंग जातें. एका पेटींत एकच पिल्लू ठेवावें. दोन ठेवल्यास एकानें दुसऱ्यास गिळण्याचा संभव असतो.

यापुढील गोष्ट उष्णतेची. सापाचें शरीर स्वतः पुरेशी ऊब निर्माण करीत नाहीं. ती बाहेरून घ्यावी लागते. ऊब कमी पडली तर पोटांतील उंदीर पचत नाहीं आणि तो ओकून पडतो. म्हणून पेटीच्या एका टोकाच्या तळाखालीं विजेनें तापणारी पातळ गादी ठेवतात. त्या टोकास सुमारें ८५ अंश फॅरनहाइट व दुसऱ्या टोकास सुमारें ७५ अंश उष्णता असावी, म्हणजे पिल्लू गरजेप्रमाणें इकडून तिकडे सरकतें. गादीला थर्मोस्टॅट लावणें अत्यावश्यक आहे. नाहींतर ती तापत जाऊन पिल्लाचें पोट भाजतें. दोन्ही टोकांना जमिनीलगत उष्णतामापक ठेवावा. हाताच्या अंदाजावर विसंबूं नये.

आतां आडोसे. ते दोन हवेत, एक उबदार टोकास व एक थंड टोकास. एकच ठेवला तर ऊब घ्यावी कीं सुरक्षित राहावें, असा पेंच पिल्लापुढें पडतो. तें बहुधा आडोसा पत्करतें आणि त्याची प्रकृति बिघडते. आडोसा अंगाला चिकटून बसेल इतका आटोपशीर असावा. भोंक पाडलेली नारळाची करवंटी या कामीं उत्तम.

तळाला प्रथम साधा कागद अंथरावा. त्यावर विष्ठा व गोचिडीसारखे बारीक किडे चटकन् दिसतात. देवदार किंवा चीड यांचा भुसा कधींही घालूं नये. त्यांतील तेलांचा उग्र वास सापाच्या श्वासाला घातक असतो. पाण्याची उथळ, जड वाटी नेहमीं भरलेली असावी. कात टाकण्यापूर्वीं डोळे निळसर दुधी होतात. त्या दिवसांत ओलें शेवाळ घातलेली एखादी डबी आंत ठेवावी, म्हणजे कात अखंड निघते.

नवें पिल्लू घरीं आल्यावर पहिला आठवडा त्याला हातही लावूं नये. नंतर गोठवून ठेवलेलें उंदराचें नवजात पिल्लू वितळवून, किंचित् कोमट करून, पांच ते सात दिवसांनीं एकदां द्यावें. जेवणानंतर दोन दिवस सापास उचलूं नये. हाताळल्यावर साबणानें हात धुणें चुकवूं नये, कारण सॅल्मोनेला जंतु सापाच्या अंगावर असूं शकतात. हा साप पुढें तीन ते पांच फूट वाढतो व पंधरा-वीस वर्षें जगतो. आज सहावींत असलेला मुलगा नोकरीला लागला, तरी तो घरांतच असेल. हा हिशेब आणण्यापूर्वीं करावयाचा असतो.

हें वाचून कोणी अंगणांतील धामण पेटींत घालूं नये. नाग, धामण, घोणस या आपल्या सापांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. त्यांना पकडून ठेवणें हा गुन्हा होय. त्यांचें घर शेताच्या बांधांत व वारुळांतच आहे. तें मोडूं न देणें, ही त्यांची खरी सेवा. घर परक्या सापाचें असो वा आपल्या, तें कसें असावें हें ठरविण्याचा अधिकार त्यांत राहणाऱ्याच्या गरजेला आहे. पाहणाऱ्याच्या हौसेला नाहीं.