मोठे ब्रेक बसवण्यापूर्वी



आपल्या शाळेतून बाहेर पडून डिप्लोमा, आय.टी.आय. किंवा इंजिनिअरिंगला गेलेली मुले भेटायला येतात, तेव्हा गप्पा हमखास गाड्यांवर येतात. वेगवान गाडीला रुंद टायर घालायचे आणि चाकाच्या आरपार दिसणारे मोठे लाल कॅलिपर बसवायचे, ही हौस आता बडोद्यातही दिसते. मकरपुरा जी.आय.डी.सी.त लेथ व मिलिंगची कामे करणारी वर्कशॉप्स भरपूर आहेत, त्यामुळे लागणारा सुटा भाग बनवून घेणे अवघड नाही. पण तो भाग नेमके कोणते काम करतो, हे आधी समजले पाहिजे.

ब्रेक म्हणजे उष्णतेचा हिशेब

सायकलचे दोन रबर रिमला चिमटतात. मोटारीत हेच काम कॅलिपर करतो. पेडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरच्या पिस्टनपर्यंत जातो आणि पॅड फिरत्या डिस्कवर आवळले जातात. विज्ञानाच्या पुस्तकातला पास्कलचा नियम तो हाच.

ब्रेक लागताना गाडीच्या गतिज ऊर्जेची उष्णता होते. १२०० किलोची गाडी ताशी १०० कि.मी. वेगावरून थांबली, तर साडेचार लाख ज्यूलहून अधिक उष्णता निर्माण होते. एवढ्या उष्णतेत दीड लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला येईल. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. घाटात किंवा ट्रॅकवर पुन्हा पुन्हा ब्रेक लावले की पॅड तापून त्यांची पकड कमी होते, ऑइल उकळते आणि पेडल खाली जाते. डॉट ४ प्रकारच्या नव्या ऑइलचा उकळबिंदू किमान २३० अंश असतो. हवेतला ओलावा शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. मोठी डिस्क व मोठा कॅलिपर यांचा खरा उपयोग ही उष्णता सोसण्यासाठी आहे.

पुष्कळांचा समज असतो की मोठे ब्रेक लावले म्हणजे गाडी लवकर थांबते. शेवटी गाडीला थांबवते ती टायर आणि रस्ता यांची पकड. मूळचे ब्रेक एकदा जोरात दाबल्यावर चाक लॉक करू शकत असतील, किंवा ए.बी.एस. सुरू होत असेल, तर मोठ्या कॅलिपरमुळे त्या एका थांबण्याचे अंतर कमी होणार नाही. अशा वेळी चांगले टायर, चांगले पॅड आणि ताजे ऑइल यांचा लाभ अधिक, व खर्चही कमी.

दोन बोल्टांवरचा भार

दुसऱ्या गाडीचा कॅलिपर आपल्या गाडीच्या नकलवर सरळ बसत नाही. भोकांमधले अंतर वेगळे असते, आणि मोठ्या डिस्कमुळे कॅलिपर बाहेरच्या बाजूला सरकवावा लागतो. म्हणून मध्ये धातूचा एक जोड बसवतात. त्याची दोन भोके नकलला, दोन कॅलिपरला. हाच ॲडॅप्टर. दिसायला साधी पट्टी, पण भार पाहा. वरच्याच गाडीला जोरात ब्रेक लावला, तर पुढच्या एका टायरवर सुमारे ३३०० न्यूटन बल येते. टायरची त्रिज्या ३० से.मी. आणि पॅड डिस्कला धरतात ती त्रिज्या १२ से.मी. धरली, तर कॅलिपरवर सुमारे ८२५० न्यूटन बल येते, म्हणजे जवळजवळ ८४० किलो वजनाइतके. तो सगळा भार ही पट्टी आणि दोन बोल्ट पेलतात, तेही शेजारी तापलेली डिस्क असताना. ॲल्युमिनियम तापल्यावर कमजोर होते, हे इथे विसरून चालत नाही.

म्हणून जाणकार कारागीर आधी पुठ्ठ्याचा नमुना कापतो आणि चाक हाताने फिरवून कुठे घासत नाही ना ते पाहतो. मगच तो चांगल्या पोलादातून किंवा योग्य मिश्रधातूतून, ताकदीचा हिशेब करून जोड बनवून घेतो. कॅलिपर डिस्कच्या बरोबर मध्यावर व समांतर बसला पाहिजे. जाडी भरून काढायला वॉशरची चळत लावणे, चुकलेले भोक वेल्डिंगने बुजवणे, अंदाजाने बोल्ट आवळणे, हे प्रकार जिवावर बेतू शकतात.

समतोलाचेही तसेच. नव्या पिस्टनचे क्षेत्रफळ वाढले आणि मास्टर सिलिंडर जुनाच राहिला, तर पेडल जास्त खोल जाते. फक्त पुढचे ब्रेक जास्त जोरकस केले, तर पुढची चाके लवकर लॉक होतात आणि मागच्या ब्रेकचा पूर्ण उपयोग होत नाही. उलट मागची चाके आधी लॉक झाली, तर गाडी गरकन फिरते.

हौसेची योग्य जागा

इंजिनिअरिंगचे विद्यार्थी स्वतः रेसिंग गाडी बनवतात अशा ‘फॉर्म्युला भारत’सारख्या स्पर्धा आपल्या देशात होतात. त्यांचे नियम वाचण्यासारखे आहेत. ब्रेकची दोन स्वतंत्र हायड्रॉलिक सर्किट्स हवीत, पेडलने २००० न्यूटन जोर सोसला पाहिजे, महत्त्वाचे बोल्ट आपोआप सैल होणार नाहीत अशी पक्की सोय हवी, आणि चाचणीत चारही चाके एकाच वेळी लॉक झाली पाहिजेत. ही चाचणी पास झाल्याशिवाय गाडी ट्रॅकवर पळू देत नाहीत. शिकायचे असेल तर ही जागा उत्तम.

सार्वजनिक रस्त्याची गोष्ट वेगळी आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीतील फेरफारांवर बंधने आहेत. निर्मात्याच्या मूळ तपशिलात बदल होईल असे फेरफार करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. म्हणून ब्रेकला हात लावण्याआधी आर.टी.ओ. व विमा कंपनीकडे लेखी चौकशी करावी.

पालकांनी मुलाला रागावण्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. मूळ ब्रेक कुठे कमी पडतात? हा जोड किती भार सोसेल, याचा हिशेब कागदावर केला आहे का? आणि तो तपासला कोणी? सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये याच शहरात कलाभवन सुरू केले, ते हाताच्या कौशल्याला शास्त्राची जोड मिळावी म्हणून. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. त्या शहरातल्या मुलाला या तीन प्रश्नांची उत्तरे देता आली पाहिजेत. ती मिळेपर्यंत गाडीचे मूळ ब्रेक जसे आहेत तसेच राहू द्यावेत.