एसजीपीटी चढतो तेव्हा

लहान मुलाचं रक्त प्रयोगशाळेत आलं, सेंट्रिफ्यूजमधून फिरून निघालं, की मी आधी नळी उजेडाकडे धरते. वरचं सीरम फिकट पिवळं हवं. लालसर असेल तर रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या आहेत. मग यकृताच्या तपासणीतला एसजीओटी खोटाच वाढलेला येतो. पोराला पुन्हा टोचायचं जिवावर येतं, तरी नमुना परत मागवते.

एसजीपीटी हे एन्झाइम मोजणं म्हणजे अभिक्रियेचा वेग मोजणं. अभिक्रियेत एनएडीएच नावाचं संयुग खर्ची पडतं, ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण घटत जातं; ते जितकं झपाट्याने घटेल तितकं एन्झाइम जास्त. ते मुख्यतः यकृताच्या पेशींत असतं, पेशी दुखावल्या की रक्तात उतरतं.

हिपॅटायटिस बीमध्ये पेशी दुखावतात त्या मुख्यतः शरीराच्याच प्रतिकारशक्तीमुळे. ती विषाणू शिरलेल्या पेशींवर तुटून पडते. जन्मताना आईकडून लागण झालेल्या सुमारे ९० टक्के बाळांत आजार जुनाट होतो आणि त्यांची प्रतिकारशक्ती वर्षानुवर्षं विषाणूकडे काणाडोळा करते. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंची संख्या, कोटींच्या घरात; एसजीपीटी मात्र २०. अशा मुलांना बहुधा औषध देत नाहीत, नियमित तपासत राहतात. अहवालावर पुष्कळदा ४० पर्यंत ‘नॉर्मल’ छापलेलं असतं. मुलांसाठी ते मला फार सैल वाटतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वरची मर्यादा मुलग्यांसाठी सुमारे २६ आणि मुलींसाठी २२ निघाली होती.

हिपॅटायटिस बीसाठी इंटरफेरॉनची इंजेक्शनं सुरू असलेल्या एका मुलाची आई अहवाल घेऊन खिडकीशी आली. ‘‘ताई, इंजेक्शनं चालू केली आणि आकडा दुपटीनं वाढला. बाधली का हो?’’ उत्तर डॉक्टरांनीच द्यायचं. पण तिला तसंच परत पाठवणं मला जमलं नाही. म्हटलं, ‘‘घाबरू नका. औषधानं शरीर विषाणूशी झगडायला लागलं की आकडा असा चढू शकतो. डॉक्टर बाकीचे आकडेही बघतील.’’

ते बाकीचे आकडे म्हणजे बिलिरुबिन, रक्त गोठण्याचा आयएनआर, व्हायरल लोड. पहिले दोन जागेवर असतील आणि लोड उतरत असेल, तर हा चढ विषाणूचं ई-अँटीजेन रक्तातून जाण्याची नांदी ठरू शकतो. बिलिरुबिन किंवा आयएनआरही वाढलं, तर मी छपाईची वाट बघत नाही, थेट वॉर्डात फोन करते. विषाणूविरोधी गोळ्यांवर असलेल्या मुलात एसजीपीटीबरोबर लोडही चढला, तर डॉक्टर आधी डोस चुकलेत का ते विचारतात, मग विषाणू औषधाला दाद देईनासा झाला का ते पाहतात. लॅमिव्हुडिन या गोळीच्या बाबतीत हे विशेष घडतं. गोळ्या थांबवल्यावरही आकडा उसळू शकतो, म्हणून त्यानंतर कित्येक महिने ही मुलं रक्त द्यायला येत राहतात.