रक्तपेशींच्या अंगावरील जागृतीच्या खुणा

गेल्या वर्षीं माझ्या धाकट्या भावजयीनें आपलें एक मूत्रपिंड मुलास दिलें. शस्त्रक्रियेपूर्वीं दोन तासांच्या आंत २० मिलिग्रॅम व पुढें चौथ्या दिवशीं पुनः तितकेंच, असें एक औषध पुतण्याच्या शिरेंतून देण्यांत आलें. त्याचें नांव बॅसिलिक्सिमॅब. नांवाचा विग्रह केल्याविना चैन न पडण्याची खोड आम्हां शाळामास्तरांस असतेच. तो करतां करतां जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवतों.

शेवटचें 'मॅब' म्हणजे एकाच जातीचें, एकाच लक्ष्यास चिकटणारें प्रतिद्रव्य. तें हवें तितकें निर्माण करण्याची युक्ति कोलर व मिलस्टाइन यांनीं केंब्रिज येथें १९७५ सालीं शोधली. १९८४ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. अशा प्रतिद्रव्यास चमकणारा रंग जोडून रक्तपेशी एकामागून एक लेसरच्या झोतापुढून नेल्या, म्हणजे कोणत्या पेशीच्या अंगावर काय आहे तें कळतें. मात्र जितक्या प्रयोगशाळा तितकीं एकाच प्रथिनास नांवें पडूं लागलीं! तेव्हां १९८२ सालीं पॅरिस येथें परिषद भरून 'सी. डी.' हे समाईक क्रमांक ठरले. हजेरीपटावरील क्रमांकांप्रमाणेंच त्यांत अर्थ शोधूं नये.

टी-पेशी एरव्हीं रक्तांत व लसिकाग्रंथींत निमूटपणें हिंडत असते. परकें कांहीं ओळखलें कीं ती जागी होते, आणि पूर्वीं नसलेलीं प्रथिनें तिच्या आवरणावर उमटूं लागतात. पहिल्या कांहीं तासांतच सी. डी. ६९ दिसतें, तें पेशीस ग्रंथींतून बाहेर पडूं देत नाहीं. सुमारें दिवसभरांत सी. डी. २५ येतें. इंटरल्यूकिन-२ हें द्रव्य झेलणाऱ्या ग्राहकाचा तो एक भाग असून, तो आला म्हणजे अत्यल्प द्रव्यही पेशीस पुरतें व एकीच्या अनेक होऊं लागतात. एच्. एल्. ए.-डी. आर्. त्याहून उशिरा उमटतें. उंदराच्या टी-पेशींवर त्याच्या जोडीचें प्रथिन सहसा आढळत नाहीं.

आमच्या औषधाचें लक्ष्य सी. डी. २५ हें होय. निजलेल्या पेशींवर तें फारसें नसल्यामुळें जागलेल्यांचीच वाढ खुंटते. परंतु येथें एक मेख आहे. इतरांस आवरून धरणाऱ्या नियामक टी-पेशी म्हणून ज्या आहेत, त्यांच्या अंगावर हेंच प्रथिन नित्य असतें. साकागुची यांनीं १९९५ सालीं उंदरांत हें दाखविलें. ब्रन्को व रॅम्सडेल यांच्यासह त्यांस २०२५ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. म्हणून केवळ २५ क्रमांक पाहून पेशी जागी झाली असें म्हणतां येत नाहीं. पेशीच्या आंतील फॉक्सपी-३ हें प्रथिनही तपासतात.

औषधाचा अंमल सुमारें महिनाभर टिकतो. पुढची राखण रोजच्या गोळ्यांची. पुतण्या त्या घड्याळ लावून घेतो. भावजय मात्र घड्याळ वाजण्याआधींच पाण्याचा पेला भरून ठेवते.