सुरांनी दाखविलेली वाट : संगीतकार रवींद्र जैन

घरात मूल जन्माला आले की त्याच्या भवितव्याची स्वप्ने पाळण्यापासूनच रंगू लागतात. व्यापारी घराण्यात तर ती स्वप्ने बहुधा पेढीच्या दिशेने जातात. थोरला वही सांभाळील, मधला खरेदीला जाईल, धाकटा गिऱ्हाईक राखील, असा हिशेब आईवडिलांच्या मनात आपोआप मांडला जातो. पण ज्या बाळाच्या डोळ्यांत दृष्टीच नाही, त्याच्यासाठी कोणते स्वप्न पाहावे? उत्तर प्रदेशातील अलीगढ या गावी, कुलपांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या शहरात, २८ फेब्रुवारी १९४४ रोजी जन्मलेल्या रवींद्रच्या मातापित्यांपुढे हाच प्रश्न उभा राहिला होता.

वडील पंडित इंद्रमणी जैन हे संस्कृतचे जाणकार आणि आयुर्वेदाचार्य होते. सात भाऊ आणि एक बहीण अशा भरल्या घरातील हे तिसरे अपत्य. वैद्याच्या घरी औषधांची वाण नव्हती, परंतु या व्याधीवर औषध नव्हते. अशा वेळी अनेक कुटुंबांत एक करुण शांतता पसरते. मुलाला जपले जाते, पण त्याच्याकडून कशाचीही अपेक्षा ठेवली जात नाही. इंद्रमणीजींनी ती चूक केली नाही. मुलाचा कान तीक्ष्ण आहे, ऐकलेले त्याच्या स्मरणात राहते, हे ओळखून त्यांनी त्याला लहान वयातच संगीताच्या शिक्षणास लावले. पंडित जी. एल. जैन, पंडित जनार्दन शर्मा आणि पंडित नथुराम या गुरूंजवळ बालक रवींद्र स्वर शिकला. शालेय शिक्षण अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या अंधशाळेत झाले. मंदिरांतून भजने गाता गाता त्याचा गळा तयार होत गेला.

अलीगढच्या परिसराला जैन पदांची जुनी परंपरा आहे. ‘छहढाला’ रचणारे पंडित दौलतराम हे जवळच्याच सासनी गावचे. कापडावर छींट छापण्याचा व्यवसाय करीत असताना समोर ग्रंथ ठेवून ते गाथा पाठ करीत, अशी त्यांची आख्यायिका आजही आदराने सांगितली जाते. हात कामात आणि चित्त गाथेत, असा आदर्श ज्या भूमीत आहे, तेथे ग्रंथ डोळ्यांनी न वाचताही अंतःकरणात उतरविता येतो, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

या बालकाच्या हाती आले ते वाद्य म्हणजे हार्मोनियम, आपल्या बोलीतील पेटी. डाव्या हाताने भाता चालवावयाचा, उजव्या हाताच्या बोटांनी पट्ट्या दाबावयाच्या आणि त्याच वेळी कंठाने गावयाचे. ज्यास दिसत नाही, त्याला ही पेटी एका परीने फार अनुकूल आहे. काळ्या पट्ट्या पांढऱ्यांपेक्षा किंचित उंच असतात आणि दोन व तीन अशा गटांत बसविलेल्या असतात. बोट फिरवताच कोणता गट आला हे कळते आणि तेथून प्रत्येक स्वराचे ठिकाण निश्चित होते. स्वरांचा नकाशाच जणू स्पर्शाने वाचता येतो.

गंमत अशी की, ज्या वर्षी रवींद्र जन्मले, त्या वर्षी या वाद्याला आकाशवाणीवर प्रवेशच नव्हता. पेटीतून मींड निघत नाही, तिचे स्वर ठरावीक अंतरावर बांधलेले असतात, म्हणून भारतीय संगीतास ती योग्य नाही, अशा मतातून १९४० साली तिच्यावर बंदी आली आणि ती अनेक वर्षे टिकली. परंतु कीर्तनात, भजनात, नाटकात आणि घराघरांत ती वाजतच राहिली. रेडिओने नाकारलेले वाद्य आणि ज्याच्याकडून जगाला फारशी अपेक्षा नव्हती असा मुलगा, या दोघांची जोडी जमली ती आयुष्यभरासाठी.

तारुण्यात रवींद्र कोलकात्यास गेले. संगीताच्या शिकवण्या, लहानमोठे कार्यक्रम आणि सतत ऐकणे हाच तेथला क्रम होता. बंगालच्या लोकसंगीताचा आणि रवींद्रसंगीताचा संस्कार त्यांच्या चालींत पुढे वारंवार दिसतो, तो याच काळातला. येथेच राधेश्याम झुनझुनवाला या व्यापारी गृहस्थांचे त्यांना पाठबळ लाभले आणि त्यांच्यासमवेत १९६९ साली ते मुंबईस आले. व्यापाऱ्याचे धन कोठे शोभते, याचे उत्तर अशा उदाहरणांत सापडते. माल पारखणाऱ्या नजरेने येथे माणूस पारखला होता.

मुंबईने त्यांना लगेच जवळ केले नाही. मोहम्मद रफी यांच्या आवाजात त्यांचे पहिले गीत १९७१ मध्ये ध्वनिमुद्रित झाले. १९७२ साली ‘कांच और हीरा’ हा चित्रपट आला, पण तो फारसा गाजला नाही. खरी दारे उघडली ती १९७३ च्या ‘सौदागर’ने. राजस्थानातील कुचामनहून आलेले आणि १९४७ साली राजश्री ही संस्था स्थापन करणारे ताराचंद बडजात्या हे त्याचे निर्माते. सहकुटुंब पाहता येतील अशा स्वच्छ चित्रपटांचा त्यांचा आग्रह होता आणि रवींद्रजींच्या सात्त्विक सुरांना अशाच घराची गरज होती.

‘सौदागर’ची कथा तर प्रत्येक व्यापाऱ्याने मनन करावी अशी आहे. मोती हा खजुरीच्या रसाचा गूळ विकणारा. अमिताभ बच्चन यांनी ती भूमिका केली. त्याच्या गुळाला बाजारात मान होता, कारण तो रांधणाऱ्या स्त्रीच्या, म्हणजे नूतन यांनी साकारलेल्या महजुबीच्या हाताला गुण होता. दुसऱ्या विवाहासाठी लागणारी रक्कम जमताच मोती तिला सोडतो. पुढच्या हंगामात नव्या घरातला गूळ बिघडतो, गिऱ्हाईक तुटते, पत जाते. नफ्याच्या हिशेबात ज्याचे श्रम मांडले नव्हते, त्याचीच किंमत शेवटी चुकवावी लागते. ग्रामीण बंगालातील या कथेला रवींद्रजींनी मातीचा गंध असलेले संगीत दिले. चित्रपटाची गीतेही त्यांनीच लिहिली.

यानंतर ‘चोर मचाये शोर’, ‘गीत गाता चल’, ‘चितचोर’, ‘दुल्हन वही जो पिया मन भाये’, ‘अंखियों के झरोखों से’, ‘नदिया के पार’ अशी मालिकाच सुरू झाली. त्यांच्या चाली सोप्या वाटतात, गृहिणीलाही गुणगुणता येतात. पण त्या सोपेपणामागे रागांचा पक्का अभ्यास आहे. येसुदास, हेमलता, जसपाल सिंह, आरती मुखर्जी अशा गायकांना त्यांनी आवर्जून संधी दिली. ‘चितचोर’मधील गायनासाठी येसुदासांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दृष्टी लाभली तर सर्वप्रथम येसुदासांना पाहीन, असे रवींद्रजी म्हणत. ज्याचा चेहरा कधी पाहिला नाही, त्याच्या आवाजावर इतके प्रेम करावे, यातच त्यांच्या मनाचे मोठेपण आले.

एका विवाहसमारंभात ते राधा आणि मीरा यांच्या प्रेमातील भेद सांगणारे स्वरचित पद गात होते. श्रोत्यांत राज कपूर होते. त्यांनी ते गीत आपल्यासाठी मागून घेतले. त्यातून ‘राम तेरी गंगा मैली’चे संगीत रवींद्रजींकडे आले आणि त्यासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. मंगलकार्यातील गाणे हे केवळ करमणुकीचे नसते. तेथेही जो मनापासून गातो, त्याचे गाणे योग्य कानी पोहोचते.

जानेवारी १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका सुरू झाली. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. त्या मालिकेचे संगीत रवींद्रजींचे होते आणि प्रसंगाप्रसंगाला कथा पुढे नेणारा तो धीरगंभीर आवाजही त्यांचाच. अलीगढच्या मंदिरांत भजने गाणाऱ्या मुलाचा स्वर आता देशभर घुमू लागला होता.

गीतकार म्हणूनही त्यांची योग्यता मोठी होती. त्यांच्या काव्यसंग्रहाचे नाव ‘उजालों का सिलसिला’ असे आहे. ज्याने उजेड कधी पाहिला नाही, त्याने प्रकाशाची परंपरा शब्दांत मांडावी, हे नुसते वाचूनही मन भरून येते. २०१५ साली त्यांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कार्यक्रमासाठी नागपूरला गेले असता त्यांची प्रकृती बिघडली. त्यांना मुंबईस आणण्यात आले आणि ९ ऑक्टोबर रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. अखेरचा प्रवासही गाण्यासाठीच झाला होता.

आज आपल्या घरांतही एखादे मूल असे असते, जे ठरलेल्या चाकोरीत बसत नाही. कोणाची दृष्टी अधू असते, कोणाची वाणी अडखळते, कोणाचे मन वहीखात्यात रमत नाही. त्याच्या उणिवेची चर्चा सारे नातेवाईक करतात; त्याच्यातील गुण हेरण्यास मात्र घरातीलच कोणीतरी बसावे लागते. इंद्रमणीजींनी मुलाला डोळे देता आले नाहीत. त्यांनी गुरू दिले, पेटी दिली आणि त्याच्याकडून अपेक्षा ठेवली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, दुकानांची शटरे खाली आली, पेढ्या मुक्या झाल्या आणि माणसे घरात अडकली. तेव्हा दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखविण्यास आरंभ केला. आजोबा आणि नातवंडे एकत्र बसली. गायक जाऊन साडेचार वर्षे होत आली होती. तरी त्या चिंतेच्या दिवसांत घराघरांत धीर देणारा आवाज त्यांचाच होता.